ग्वाल्हेरला ट्राम? छोटी लाइनची जागा अजून पडून आहे म्हणून विचारतोय

लश्करवाला

नमस्कार मंडळी. हसायचं असेल तर आधी पूर्ण वाचा, मग हसा.

परवा संध्याकाळी आईला घेऊन महाराज बाड्यावर, म्हणजे आपल्या मुख्य बाजारचौकात, गेलो होतो, परतताना थाटीपूरला यायला ई-रिक्षा केली. एरवी वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, लागले एक तास दहा मिनिटं. नई सडकेवर एक वरात, वरातीच्या मागे आम्ही, आमच्या मागे एक टेम्पो ज्याचा हॉर्न अडकून बसला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून वायर ओढत होता. वेळ जात नव्हता म्हणून समोरच्या ई-रिक्षा मोजायला घेतल्या, एकतीसपर्यंत आलो आणि सोडून दिलं. आई मांडीवर गजकचे दोन डबे घेऊन बसली होती, ती शांतपणे म्हणाली, "अरे, ह्यापेक्षा छोटी लाइन लवकर पोचवायची."

आता आईला कोण सांगणार की छोटी लाइन, म्हणजे आपली जुनी नॅरोगेज गाडी, श्योपूरच्या सुमारे २०० किलोमीटरला दहा-अकरा तास घ्यायची. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती गाडी थांबली ती थांबलीच, पुढे ब्रॉडगेजचं काम सुरू झालं, पण शहरातून जाणारा तो जुना पट्टा, म्हणजे स्टेशन, घोसीपुरा, मोतीझील, तिथून नवी लाइन गेलीच नाही, ती बिरलानगर-रायरूकडून काढली. मग शहराच्या मधोमध ही जी जागा आहे तिच्यावर ट्राम का नाही चालवायची?

इंदूरला २०२५ च्या मे अखेरीस मेट्रो धावली, भोपाळलाही आली. आपला नंबर कधी लागणार देव जाणे, २०११ च्या जनगणनेत आपण साडेदहा लाख होतो आणि मेट्रोवाले मोठी शहरं बघतात. तोवर काय दर वर्षी व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची सूट घेऊन नवीन गाड्या घ्यायच्या आणि त्याच गाड्या घेऊन पडावच्या जाममध्ये उभं राहायचं? (होय, मीपण मागच्या मेळ्यात घेतली. बोला आता.)

कोणाला ह्यातलं कळत असेल तर सांगा. जुने रूळ वापरता येतात का? ट्राम आणि मेट्रोत खर्चाचा फरक किती? आणि प्रत्यक्ष ट्राम असलेल्या गावात कोणी राहिलंय का?

सराफ्यातला

भाऊ, पूर्ण वाचलं आणि मग हसलो, नियम पाळला.

एकच प्रश्न. ट्रामला रस्त्यावर स्वतःची पट्टी लागते की नाही? लागते. आपल्या राज्यात बसला स्वतःची पट्टी दिली होती, तिचं काय झालं? भोपाळचा बीआरटीएस उखडला. इंदूरचा २०१३ मध्ये सुरू झाला, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साडेअकरा किलोमीटर, लोक वापरत होते, माझी मेव्हणी रोज जायची, तोही २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर काढायला घेतला. बसची लेन ज्यांना बघवली नाही ते ट्रामला देतील? पहिल्याच आठवड्यात रुळावर कोणीतरी स्कूटर लावून "दो मिनट में आया" म्हणून पान खायला जाईल. आणि बस बाजूने निघते हो, ट्राम कुठून निघणार? ती घंटा वाजवत उभी.

दुसरं म्हणजे जमिनीच्या खाली. आमच्या गल्लीत नळाचं लीकेज शोधायला तीन ठिकाणी खोदलं, चौथ्या ठिकाणी सापडलं. लश्कर भागाच्या खाली कोणता पाइप कुठून जातो हे ज्याला माहीत होतं तो माणूस रिटायर झाला. एडिनबराला ट्राम करताना हेच झालं, खालच्या लाइनी हलवता हलवता वर्षं गेली, खर्च ७७ कोटी पाउंडांच्या वर गेला, ठरला होता त्यापेक्षा छोटा मार्ग २०१४ मध्ये कसाबसा सुरू झाला आणि तोवर दुकानदार रडकुंडीला आले होते. तिथे ब्रिटिश होते. इथे आम्ही आहोत, आणि माझं दुकान रस्त्यावर आहे.

छोटी_लाइन

वरचं नाव बघून कळलं असेलच, मी ह्याच लाइनीवर नोकरी केली, आता नातवंडं सांभाळतो. थोडं सविस्तर लिहितो, मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

रुळांचं आधी बोलू. ते विसरा. आपली लाइन दोन फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) ६१० मिलिमीटर. कलकत्त्याची ट्राम १४३५ वर चालते, जगात बहुतेक ठिकाणी तेच किंवा एक मीटर. लिस्बनला ९०० चा गेज आहे, अरुंद गल्ल्यांतून वळायचं म्हणून, पण तोही आपल्या दीडपट झाला. दोन फुटावर शंभर-दोनशे माणसं बसतील-उभी राहतील असा डबा ठेवला तर तो वळणावर आडवा होईल. आम्ही त्या गाडीच्या टपावर माणसं बघितली आहेत, ती गाडी कशी डुलायची ते मला विचारा. स्लीपर कुजले, खडी लोकांनी घराच्या पायात घातली, काही ठिकाणी रूळच जाग्यावर नाहीत.

पण जागा! जागा ही गोष्ट वेगळी. माधवराव शिंदे महाराजांच्या काळात ही लाइन टाकली, १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरी, श्योपूरला पोचायला १९०९ उजाडलं. तेव्हा शहर लाइनीच्या बाजूला होतं, आता लाइन शहराच्या पोटात आहे. आज पोटात अशी सलग पट्टी विकत घ्यायला गेलात तर शंभर वर्षं कोर्टात जातील. ती फुकट पडलीये. फुकट म्हणजे रेल्वेची आहे, नगर निगमची नाही, हे ध्यानात ठेवा, दोन खात्यांच्या मध्ये जी वस्तू असते तिला आधी गवत येतं, मग म्हशी येतात, मग टपरी, मग टपरीला वीजमीटर. वीजमीटर आला की जागा गेली समजा. मी रिटायर झालो तेव्हा मोतीझीलच्या बाजूला म्हशींपर्यंत आलं होतं.

जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरते, सिगार आणि दारू घेऊन, ती बघितलीच असेल सगळ्यांनी. आमच्या खात्यात म्हणायचे, ग्वाल्हेरची वेळेवर धावणारी तेवढी एकच गाडी.

यारा_काठचा

मूळचा दालबाजारचा, आठ वर्षं मेलबर्नला आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

इथे जगातलं सगळ्यात मोठं ट्रामचं जाळं आहे, साधारण २५० किलोमीटर, आणि खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात मला वाटलं की हे काय, ह्याच्यापेक्षा तर पडावचा टेम्पो बरा, कारण सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर, का तर बहुतेक मार्गांवर ट्राम आणि मोटारी एकाच रस्त्यावर, पुढची कार वळायला थांबली की मागे दीडशे माणसं थांबली. जिथे रूळ रस्त्याच्या मध्ये वेगळ्या पट्टीत आहेत तिथे तीच ट्राम सुसाट जाते. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, फक्त पट्टी. सराफ्यातले भाऊ म्हणतात ते म्हणूनच शंभर टक्के बरोबर आहे, पट्टी नसेल तर ट्राम म्हणजे न वळणारी बस.

कलकत्त्याला हेच झालं, घोड्याची ट्राम १८७३ ची, विजेची १९०२ ची, आणि नंतर बऱ्याच रस्त्यांवर रुळांची राखीव पट्टी काढून तिथे मोटारी सोडल्या, मग ट्राम जाममध्ये अडकायला लागली, मग लोक म्हणायला लागले की ट्राममुळे जाम होतो. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने जाहीरच केलं की मैदानाजवळचा एक वारशाचा तुकडा ठेवून बाकी बंद. मुंबईची तर १९६४ लाच गेली, माझे आजोबा दादरला शिकत होते ते सांगायचे, तिकीट एका आण्याचं आणि चालत्या ट्राममधून उतरायचं म्हणजे मर्दुमकी. आपल्या लोकांना वाटतं ट्राम बंगालची, पण नाशकातसुद्धा होती, गावातून नाशिकरोड स्टेशनापर्यंत, घोडे ओढायचे.

एक मात्र सांगतो, जे कागदावर कळत नाही. इथे ट्रामचा दरवाजा आणि फलाट एका पातळीत असतो नवीन स्टॉपांवर. मागच्या वर्षी आई आली होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बसमध्ये चढायला नको म्हणायची, ट्राममध्ये काठी टेकवत सरळ आत गेली आणि खिडकीशी बसून मला म्हणाली, "तू जा ऑफिसला, मी फिरून येते." तीन तास फिरली. शहराच्या मधल्या भागात तिकीट नाही, फुकट. दोन वेळा चुकीच्या टोकाला गेली आणि त्याच ट्रामने परत आली.

कंपूची_पोर

सगळं ठीक, पण मला एक सांगा, मोतीझीलला जायचंय कोणाला?

मी रोज मुरारहून कंपूला येते. माझ्यासारख्या बायका, जयारोग्यला येणारे पेशंट, कोचिंगची पोरं, बाड्यावरची गर्दी, ही सगळी सवारी जिथून जिथे जाते तिथे छोटी लाइन जातच नाही. जागा फुकट आहे म्हणून तिथे ट्राम, हे म्हणजे अंगठी सापडली म्हणून लग्न.

आणि टेम्पोला नावं ठेवणं सोपं आहे. मीही ठेवते, समोरच्या सीटवर तीन जणींत चौथी कोंबतात, ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर पोरगा लटकतो, भरल्याशिवाय हलत नाही, उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत इंजिनाची वाफ पायावर. तरीपण हात केला की थांबतो. घराच्या तोंडाशी थांबतो. रात्री साडेआठला जी काही सोय आहे ती तीच आहे, माझा नेहमीचा टेम्पोवाला आहे, तो मी चढल्याशिवाय हलत नाही आणि मी उतरून गल्लीत वळेपर्यंत हेडलाइट गल्लीवर मारून ठेवतो. ट्राम स्टॉपवर सोडणार आणि स्टॉपपासून घरी कोण सोडणार? अंधारात दहा मिनिटं चालायला लावणारी ट्राम मला नको. फलाट एका पातळीत बांधाल, फलाटापर्यंतचा फुटपाथ कोण बांधणार? आपल्याकडे फुटपाथ म्हणजे दुकानाचा जास्तीचा शोरूम.

लश्करवाला

ताई, अंगठीवालं लागलं एकदम. 😄 पण मुद्दा खरा आहे, मी नकाशा उघडून बघितलं नव्हतं, नुसतीच आईची आठवण धरून लिहिलं.

काका, तुम्ही म्हणता ते वीजमीटरचं वाचून पोटात गोळा आला.

पण मग ती जागा आणि बाड्याची गर्दी, ह्या दोन गोष्टी जोडता येणारच नाहीत का?

यारा_काठचा

येतील. मँचेस्टरने १९९२ मध्ये तेच केलं. दोन टोकांना दोन जुन्या लोकल रेल्वे लाइनी होत्या, मधलं शहर मात्र रेल्वेवाचून. त्यांनी जुन्या लाइनींवर ट्राम घातली आणि मधला तुकडा तेवढा रस्त्यावरून काढला. बाहेर असताना ती रेल्वेसारखी पळते, गावात आली की हळू होऊन रस्त्यावर चालते. लांब अंतर फुकटच्या जागेत, खोदकाम थोडक्यात. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्येही २००० साली बंद झालेल्या लाइनीवर असंच केलं.

म्हणजे कंपूच्या ताईंचा प्रश्न असा होईल की छोटी लाइन हा पूर्ण मार्ग नव्हे, तो फक्त कणा. स्टेशनापर्यंत जुन्या पट्टीने, पुढे बाड्याकडे एकच फाटा रस्त्यावरून. आणि बाड्यावरच्या इमारतींसमोर तारा नकोत म्हणून भांडण होणार हे आत्ताच सांगतो, सात शैलींच्या सात इमारती आहेत ना तिथे. त्याला उत्तर आहे. फ्रान्समध्ये नीसला २००७ पासून जुन्या चौकांतून ट्राम तार खाली करून बॅटरीवर जाते, चौक संपला की परत तार.

सराफ्यातला

वा, म्हणजे तो एक फाटा नेमका माझ्या दुकानासमोरून.

छोटी_लाइन

सराफ्यातले, रागावू नका, तुमच्या रस्त्याला नाही जमणार, तो बैलगाडीच्या मापाचा आहे. पण खर्चाचं विचारलं होतं ते राहिलं.

केंद्राने २०१९ मध्ये मेट्रोलाइट म्हणून एक नमुना काढला, छोट्या शहरांसाठी, जमिनीवरून चालणारी, दोन-तीन डब्यांची, बाजूला कुंपण. काम ट्रामचं, नाव मेट्रोचं, कारण आपल्याकडे मेट्रो म्हटल्याशिवाय फाइल हलत नाही. खर्च मोठ्या मेट्रोच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास धरला होता. जमीन आधीच हातात असली तर अजून खाली. आणि २०१७ च्या मेट्रो धोरणात स्पष्ट लिहिलंय की मेट्रो मागायच्या आधी बस, ट्राम, लाइट रेल सगळ्यांची तुलना करून दाखवा. म्हणजे उद्या कोणी ग्वाल्हेरला मेट्रोचा नारळ फोडायला आलं तर त्याला विचारायचा हक्क आहे, की बाबा, ट्रामचा हिशोब कुठल्या पानावर आहे?

कंपूची पोर म्हणते त्याचं माझ्याकडे उत्तर नाही. टेम्पोवाल्याला हाकलून ट्राम आणली तर ती पडेल. त्याच टेम्पोवाल्याला स्टॉपवरून गल्लीत सवारी न्यायला लावलं तर चालेल. दोनशे माणसांची एक ट्राम म्हणजे ई-रिक्षा पन्नास, त्या पन्नास मोठ्या रस्त्यावर नकोत, गल्लीत हव्यात. आता हे कोणी करून घेईल का, ते तुम्ही तरुण लोक बघा.

कंपूची_पोर

काका, टेम्पोवाल्याचं पटलं. मी परवा माझ्या टेम्पोवाल्यालाच विचारलं, ट्राम आली तर काय करशील. म्हणाला, "मैडम, पहले सड़क पर गड्ढा भर दें."

पण जागा जाऊ नये एवढं मलाही वाटतं. ट्राम दहा वर्षांनी येवो नाहीतर न येवो, तोवर तिथे निदान सायकलचा रस्ता करून ठेवा, दिवे लावा. लोक वापरायला लागले की टपरी टाकायची हिंमत होत नाही. नुसता "रेल्वेची जागा" असा बोर्ड लावून कुठली जागा वाचलीये?

लश्करवाला

हे मला सगळ्यात जास्त पटलं. मग असं करूया का, उगाच इथे लिहीत बसण्यापेक्षा येत्या रविवारी सकाळी घोसीपुऱ्यापासून मोतीझीलपर्यंत पायी जाऊ, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत. दोन रूळ आले-गेलेसाठी टाकायचे तर किती रुंदी लागते हो?

यारा_काठचा

साधारण सात मीटर धरा, स्टॉपच्या जागी जास्त. जिथे सात नाही मिळत तिथे एकेरी रूळ आणि पुढे क्रॉसिंग, तुमच्या छोट्या लाइनीसारखंच. फोटो टाका प्लीज, मी इथून नकाशावर मांडतो.

छोटी_लाइन

मी येतो. साडेसहाला या, नंतर ऊन होतं. किलोमीटरचे दगड कुठे कुठे होते ते मला पाठ आहेत, उभे आहेत का ते बघू. बूट घाला, चपला नकोत, काटे आहेत.

सराफ्यातला

मीपण येतोय. ट्रामच्या विरोधातच आहे, पण पंधरा मीटरची टेप माझ्याकडे आहे, आणि तुम्ही लोक सात मीटर डोळ्यांनी मोजून येणार हे मला माहीत आहे. परतताना बेडई माझ्याकडून.

कंपूची_पोर

म्हशींना बाजूला कोण करणार?

छोटी_लाइन

मला ओळखतात त्या.